गुहान्वेषण मंडळे

गुहान्वेषण मंडळे : नैसर्गिक गुहांचा शोध घेणे, त्यांत उतरून त्यांची मोजणी करणे, नकाशे व वृत्तांत प्रसिद्ध करणे आणि गुहांचे रक्षण करणे या हेतूंनी एकत्र आलेल्या हौशी व्यक्तींच्या स्थानिक संस्था. त्यांचे सभासद व्यवसायाने शिक्षक, कारागीर, विद्यार्थी, अभियंते, डॉक्टर असे कोणीही असतात. भूविज्ञानाचे रीतसर शिक्षण घेतलेले त्यांत थोडेच. तरीही जगातील गुहांविषयी आज जी माहिती उपलब्ध आहे, तिचा फार मोठा भाग या हौशी मंडळींनी सुटीच्या दिवशी आणि स्वखर्चाने मिळविलेला आहे. याचे कारण गुहेच्या स्वरूपातच आहे. डोंगर, नदी किंवा समुद्रकिनारा यांचा नकाशा विमानातून अथवा उपग्रहावरून घेतलेल्या छायाचित्रांच्या आधारे करता येतो. गुहेचा करता येत नाही. भूभौतिकीय उपकरणांनी जमिनीखालील पोकळीचा अंदाज बांधता येतो, परंतु ती पोकळी कोठवर जाते, कोठे अरुंद होते आणि तिच्यातील पाणी कोठे नाहीसे होते, हे कोणीतरी आत रांगत गेल्याशिवाय कळत नाही. तसे वारंवार जाणे शक्य असते ते त्या परिसराच्या जवळपास राहणाऱ्यांनाच. गुहान्वेषणात स्थानिक मंडळास जे महत्त्व आले आहे, ते यामुळे.

मराठीत ‘गुहा’ म्हटले की बहुधा अजिंठा, वेरूळ, कार्ले येथील लेणी डोळ्यांपुढे येतात. ती मानवाने खोदलेली असून दख्खनच्या बेसाल्ट खडकात आहेत. हा खडक पाण्यात फारसा विरघळत नसल्यामुळे मैलोगणती पसरलेल्या नैसर्गिक गुहा त्यात निर्माण होत नाहीत. अशा गुहा मुख्यत्वे चुनखडकाच्या प्रदेशात आढळतात. पावसाचे पाणी हवेतील व विशेषतः मातीतील कार्बन डाय-ऑक्साइड शोषून किंचित अम्लधर्मी बनते, खडकाच्या भेगांतून झिरपते व हजारो वर्षांत त्या भेगा रुंदावत नेते. पृष्ठभागावरचे ओढे एखाद्या विवरात लुप्त होतात आणि डोंगराच्या पायथ्याशी झऱ्याच्या रूपाने पुन्हा प्रकट होतात. विवर आणि झरा यांच्या दरम्यानचा अदृश्य मार्ग हाच गुहाशोधकांच्या कुतूहलाचा विषय होय. महाराष्ट्रात गिर्यारोहण मंडळे पुष्कळ असूनही गुहान्वेषणाची परंपरा रुजली नाही, त्याचे कारण साहसाच्या अभावात नसून खडकात आहे.

या मंडळांचे कार्य समजून घेण्यास इंग्लंडमधील यॉर्कशर परगण्याचे उदाहरण सर्वांत सोयीचे आहे. तेथील इंगलबरो (उंची ७२३ मी.) या डोंगराच्या दक्षिण उतारावर गेपिंग गिल नावाचे सु. १०० मी. खोल विवर आहे. फेल बेक हा ओढा त्यात सरळ खाली कोसळतो व तळाशी एक विस्तीर्ण दालन आहे. जॉन बर्कबेक याने १८४२ मध्ये त्यात उतरण्याचा प्रयत्न केला, पण तो वाटेतील एका कपारीपर्यंतच पोहोचू शकला. ती कपार आजही त्याच्या नावाने ओळखली जाते. पुढे लीड्स येथे १८९२ मध्ये स्थापन झालेल्या यॉर्कशर रॅम्बलर्स क्लब या भ्रमण मंडळाचे सभासद या विवरात उतरण्याच्या तयारीत असतानाच एदुआर आल्फ्रे मार्तेल (१८५९–१९३८) हा फ्रेंच संशोधक १ ऑगस्ट १८९५ रोजी दोराच्या शिडीवरून तळाशी पोहोचला. वर थांबलेल्यांशी बोलण्यासाठी त्याने सोबत दूरध्वनी नेला होता. स्थानिक मंडळाला ही गोष्ट झोंबली असल्यास नवल नाही. पुढच्याच वर्षी, मे १८९६ मध्ये, त्याच मंडळाचा एडवर्ड कॅल्व्हर्ट तळाशी उतरला. मार्तेल एकदा येऊन गेला. स्थानिक मंडळी मात्र परत परत जात राहिली. मुख्य दालनापासून फुटणाऱ्या वाटा एकामागून एक शोधल्या गेल्या, त्या या पुनःपुन्हा जाण्यामुळेच. विवरात पडणारे पाणी डोंगराच्या पायथ्याशी क्लॅपम गावाजवळील इंगलबरो गुहेच्या बाजूस बाहेर पडते, हे पाण्यात रसायन मिसळून सिद्ध करण्यात आले. परंतु त्या मार्गाने माणूस प्रत्यक्ष पार होण्यास १९८३ साल उजाडावे लागले. त्या वर्षी दोन पाणबुडे गुहाशोधक जलमग्न बोगद्यांतून हे अंतर कापू शकले.

क्रेव्हन पॉटहोल क्लब (१९२९) आणि ब्रॅडफर्ड पॉटहोल क्लब (१९३३) ही याच परिसरातील दोन जुनी मंडळे. ‘पॉटहोल’ हा उभ्या विवरासाठी तेथे रूढ असलेला शब्द आहे. हॉर्टन-इन-रिबल्सडेल या खेड्यात दोन्ही मंडळांची निवासस्थाने आहेत. निवासस्थान म्हणजे झोपण्यासाठी फळ्यांचे मंच, स्वयंपाकाची जागा, दोर धुण्याचा हौद आणि ओले कपडे वाळविण्याची खोली. बाहेरच्या माणसास ही शेवटची खोली क्षुल्लक वाटेल. पण वर्षभर ६ ते १० अंश सेल्सिअस तपमानाच्या पाण्यात भिजणाऱ्या मंडळींच्या दृष्टीने ती ग्रंथालयापेक्षाही मोलाची असते. नवा सभासद प्रथम सोप्या, आडव्या गुहांत नेला जातो. दोर बांधणे, गाठी मारणे, अरुंद फटीत श्वास सोडून शरीर पुढे सरकविणे, दिवा विझल्यास न घाबरणे या गोष्टी तो वडीलधाऱ्या सभासदांच्या संगतीत शिकतो. त्यासाठी पुस्तके आहेत, परंतु केवळ पुस्तकावरून शिकलेल्यास कोणतेही जाणते मंडळ खोल विवरात उतरू देत नाही.

साधनांमध्ये मोठी स्थित्यंतरे झाली. सुरुवातीच्या लाकडी पावठ्यांच्या दोरशिड्या भिजल्यावर इतक्या जड होत, की एका विवरासाठी त्या वाहून नेण्यास दहा-बारा माणसे लागत. १९३०च्या सुमारास फ्रान्समध्ये रॉबेर द जॉली याने पोलादी तारेची व हलक्या मिश्रधातूच्या पावठ्यांची शिडी प्रचारात आणली. नायलॉनचे दोर दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आणि त्यानंतर आले. १९६०–७० या दशकाच्या अखेरीस एकाच दोरावरून उतरण्याची व दोरास पकडणाऱ्या खटक्यांच्या साहाय्याने पुन्हा वर चढण्याची पद्धत रूढ झाली व शिड्या मागे पडल्या. याचा मंडळांच्या जीवनावर झालेला परिणाम सहसा नोंदविला जात नाही. शिड्यांच्या काळात मोहीम हे सगळ्या मंडळाचे काम होते; आता तीन-चार जणही खोल विवर उतरून येतात. मंडळांची शिस्त त्यामुळे काहीशी सैल झाली, असे जुने सभासद म्हणतात व त्यात तथ्य आहे. कार्बाइडच्या दिव्यांची जागा विजेऱ्यांनी घेतली, ही सुधारणा मात्र निर्विवाद होय. वापरलेल्या कार्बाइडचा चुना गुहेतच फेकण्याची वाईट सवय तिच्यामुळे संपली.

मंडळाच्या सर्व कामांत मोजणी हे सर्वांत कंटाळवाणे आणि सर्वांत टिकाऊ काम होय. गुहेत एका ठराविक बिंदूपासून पुढच्या दृष्टिपथातील बिंदूपर्यंतचे अंतर मोजपट्टीने, दिशा होकायंत्राने व चढउतार उतारमापकाने घेतात आणि प्रत्येक बिंदूपाशी भिंतींची रुंदी, छताची उंची व तळाचे स्वरूप यांचे रेखाटन करतात. ब्रिटनमध्ये १९७३ साली दोन जुन्या संस्थांच्या विलीनीकरणातून स्थापन झालेल्या ब्रिटिश केव्ह रिसर्च असोसिएशनने मोजणीच्या प्रती ठरविल्या आहेत. पाचव्या प्रतीच्या मोजणीत कोन एका अंशापर्यंत व अंतर १० सेंमी.पर्यंत अचूक असावे लागते. एका अंशाची चूक १० मी. अंतरावर सु. १७ सेंमी. भरते, शेकडो टप्प्यांत अशा चुका एकाच बाजूस साचत गेल्या, तर नकाशातील दालन प्रत्यक्ष स्थानापासून पुष्कळ दूर जाऊन पडते. शिरस्त्राणावरील दिवा किंवा खिशातील लोखंडी वस्तू जवळ आली, तरी होकायंत्राची सुई भलतीकडे वळते. यावर उपाय म्हणून फिरून मूळ बिंदूपाशी येणारी वाट मोजतात. आरंभ व शेवट यांत पडणारी तफावत चुकीचे प्रमाण दाखविते. एकविसाव्या शतकात लेसर किरणांनी अंतर, दिशा व उतार एकाच वेळी टिपणारी हातातील उपकरणे आली. गुहेच्या आकडेवारीसाठी वापरली जाणारी ‘सर्व्हेक्स’ ही संगणकप्रणाली केंब्रिज विद्यापीठाच्या गुहान्वेषण मंडळातून पुढे आली, हे हौशी संस्थांच्या कर्तृत्वाचे लक्षणीय उदाहरण आहे. चिखलात बुडालेल्या हाताने आकडे लिहिण्याचा त्रास मात्र पूर्णपणे गेलेला नाही.

असे नकाशे एकत्र मांडल्यावर दोन गुहांमध्ये किती खडक शिल्लक आहे, हे दिसू लागते आणि मग तो फोडण्याची ईर्ष्या निर्माण होते. कम्ब्रिया, लँकशर व नॉर्थ यॉर्कशर या तीन परगण्यांच्या सीमांखालील गुहा परस्परांस जोडता येतील, ही कल्पना १९६०–७० या दशकात मांडली गेली. निरनिराळ्या मंडळांनी चार दशके खणकाम, पाणबुडी मोहिमा व मोजणी चालू ठेवल्यानंतर २०११ मध्ये शेवटचा दुवा सांधला गेला. ८० किमी.हून अधिक लांबीची ही गुहामालिका ब्रिटनमधील सर्वांत लांब ठरली आहे. खणकाम म्हणजे सुरुंगाची धडाडी नव्हे. आठवड्यातील एका ठराविक संध्याकाळी चार-सहा माणसांनी बादल्यांनी चिखल व दगड उपसणे, आणि असे कित्येक वर्षे. डार्बिशरमध्ये कॅसलटन गावाजवळ १९९९ साली ‘टायटन’ हे सु. १४० मी. उंचीचे भूमिगत विवर सापडले, तेही असेच दगडांचा ढीग उपसून. ब्रिटनमधील ज्ञात नैसर्गिक विवरांत ते सर्वांत खोल असूनही पर्यटकांनी गजबजलेल्या त्या गावास त्याची गंधवार्ता नव्हती. नवी वाट सापडली की काही काळ ती गुप्त ठेवण्याची प्रथा आहे. ज्यांनी खणले त्यांनी प्रथम जावे, हा अलिखित संकेत असून तो मोडल्यावरून मंडळामंडळांत दीर्घकाळ वितुष्टे राहिल्याची उदाहरणे आहेत.

सर्वसामान्य लोकांशी या मंडळांचा संबंध येतो तो गेपिंग गिल येथील वार्षिक मेळाव्यांमुळे. ब्रॅडफर्डचे मंडळ मे महिन्याच्या अखेरीस आणि क्रेव्हनचे मंडळ ऑगस्टमध्ये सु. एक आठवडा विवराच्या तोंडाशी इंजिनावर चालणारा रहाट बसवितात, ओढ्याचे पाणी शक्य तितके बाजूस वळवितात आणि माळावर तंबूंचे गाव उभारतात. ज्याने कधी गुहा पाहिली नाही अशा कोणालाही मूल्य भरून खुर्चीत बसून एका मिनिटाच्या आसपास तळाशी पोहोचता येते. उतरणे फुकट, पैसे वर येण्याचे, ही तेथील जुनी थट्टा. रहाट चालविणे, वरखाली माणसांची मोजदाद ठेवणे व खाली दिवे लावणे ही सर्व कामे सभासद विनावेतन करतात.

गुहेतील मुख्य धोका काळोखाचा किंवा वाट चुकण्याचा नसून पाण्याचा असतो. चुनखडकाच्या माळावर पडलेला पाऊस जमिनीत मुरून हळूहळू येत नाही. विवरांतून तो थेट गुहेत शिरतो. ज्या वाटेत माणूस पोटावर सरपटत असतो ती वाट अशा वेळी काही मिनिटांत छतापर्यंत भरते. ग्रॅसिंग्टनच्या उत्तरेकडील मॉसडेल गुहेत २४ जून १९६७ रोजी हेच घडले. दहा जण आत गेले होते. त्यांपैकी चौघे लवकर बाहेर आले. मागाहून मुसळधार पाऊस होऊन ओढ्याला पूर आला. त्या चौघांपैकी एक तरुणी गुहेच्या तोंडाशी परतली, तेव्हा प्रवेशद्वार पाण्याखाली गेले होते. तिने माळ तुडवीत जाऊन मदत मागितली. स्वयंसेवकांनी ओढा वळविण्यासाठी रात्रंदिवस चर खणला, परंतु आत राहिलेले सहाही तरुण मृत आढळले. त्यांचे देह बाहेर काढण्यात आणखी प्राणहानीचा धोका होता. म्हणून ते गुहेतच ठेवण्यात आले. मॉसडेलच्या पुढे अजून अज्ञात वाटा असाव्यात, असे जाणकारांचे मत आहे. ब्रिटिश गुहान्वेषणातील ही सर्वांत मोठी दुर्घटना. मोहिमेवर जाण्यापूर्वी हवामानाचा अंदाज पाहणे व परतण्याची निश्चित वेळ कोणाजवळ तरी सांगून ठेवणे, हे आज मंडळांच्या दृष्टीने शिष्टाचार नसून नियम आहेत. ती वेळ टळली की सांगून ठेवलेल्या व्यक्तीने पोलिसांमार्फत बचाव पथकास कळवावयाचे असते.

हे बचाव पथकही गुहाशोधकांचेच असते, कारण अरुंद फटीतून जखमी माणसाला आणण्याचे कौशल्य इतर कोणाजवळ नसते. क्लॅपम येथील केव्ह रेस्क्यू ऑर्गनायझेशन ही १९३५ मध्ये स्थापन झालेली संस्था या प्रकारची जगातील पहिली मानली जाते. स्थानिक मंडळांतील स्वयंसेवकांवर ती चालते व विवरात पडलेल्या मेंढ्यांना वर काढण्याचे कामही, शेतकऱ्यांशी सलोखा राहावा म्हणून असो वा भूतदयेने असो, करीत आली आहे. शेतकऱ्यांशी सलोखा ही साधी बाब नव्हे. गुहा कोणाच्या तरी कुरणात असते आणि फाटक उघडे टाकण्याच्या एका चुकीने सर्व मंडळांना ती कायमची बंद होऊ शकते.

अशा मंडळांतील कौशल्याची जगाला ओळख झाली ती थायलंडमधील थाम लुआंग गुहेच्या प्रसंगी. २३ जून २०१८ रोजी बारा मुले व त्यांचा फुटबॉल प्रशिक्षक पुरामुळे या गुहेत अडकले. २ जुलै रोजी त्यांचा पत्ता लावणारे दोन पाणबुडे ब्रिटनमधील स्वयंसेवी गुहा-बचाव पथकांतील होते. जवळच राहणाऱ्या व ती गुहा पूर्वी हिंडलेल्या एका गुहाशोधकाने दिलेली माहितीही मोलाची ठरली. ८ ते १० जुलै या तीन दिवसांत तेराही जणांना बाहेर काढण्यात आले. थायलंडच्या नौदलातील एका माजी पाणबुड्याने मात्र ६ जुलै रोजी आपले प्राण गमावले होते. पाणी उपसण्याच्या कामी महाराष्ट्रातील किर्लोस्कर ब्रदर्स या पंप बनविणाऱ्या कंपनीच्या तज्ञांनी साहाय्य केले होते.

भारतात गुहान्वेषणाचे मुख्य क्षेत्र मेघालय हे होय. खासी, जैंतिया व गारो टेकड्यांच्या दक्षिण भागात चुनखडकाचा पट्टा असून त्यावर जगातील अतिवृष्टीच्या प्रदेशांपैकी एकाचा पाऊस कोसळतो. शिलाँग येथील मेघालय ॲडव्हेंचरर्स असोसिएशन या स्थानिक संस्थेने १९९२ पासून ब्रिटन, जर्मनी इ. देशांतील गुहाशोधकांच्या सहकार्याने कोरड्या ऋतूत, बहुधा फेब्रुवारीत, मोहिमा आयोजित केल्या. या मोहिमांतून हजाराहून अधिक गुहांची नोंद झाली व सु. पाचशे किमी. वाटांची मोजणी पूर्ण झाली. जैंतिया टेकड्यांतील क्रेम लिआत प्राह (खासी भाषेत ‘क्रेम’ म्हणजे गुहा) ही ३० किमी.हून अधिक लांबीची गुहा चुनखडकातील भारतीय गुहांत सर्वांत लांब आहे. २०१८ मध्ये मोजणी झालेली क्रेम पुरी ही सु. २४·५ किमी. लांबीची गुहा वालुकाश्मात असून त्या खडकातील जगातील सर्वांत लांब गुहा म्हणून तिची नोंद झाली.

मेघालयातील पद्धत यॉर्कशरहून वेगळी आहे. येथे जमीन बहुतांशी शासनाची नसून गावसमाजाची, कुळांची किंवा खाजगी मालकीची असल्यामुळे काम सुरू होते ते गावच्या प्रमुखाच्या भेटीपासून. त्याने अनुमती दिल्यावर गावातीलच एखादा शिकारी, लाकूडतोड्या किंवा मासेमारी करणारा मनुष्य वाटाड्या म्हणून येतो व मुखे दाखवितो. गुहेचे नावही गावकरी जे सांगतील तेच नोंदवितात. त्यामुळे ‘शोध लागला’ हा वाक्प्रचार येथे जपूनच वापरावा लागतो; गुहेचे तोंड गावाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असते, अज्ञात असतो तो आतला विस्तार. क्रेम उम लादाव या गुहेत २०१९ च्या मोहिमेत पाहिलेले मोठे अंध मासे २०२३ मध्ये ‘निओलिसोचिलस प्नार’ या नव्या जातीचे म्हणून वर्णिले गेले. भूमिगत माशांमध्ये ही आकाराने जगातील सर्वांत मोठी जाती आहे. चेरापुंजीजवळील मॉमलूह गुहेतील एका ऊर्ध्वमुखी लवणस्तंभाच्या थरांत सु. ४,२०० वर्षांपूर्वीच्या अवर्षणाची नोंद मिळाली आणि तिच्या आधारे २०१८ मध्ये भूवैज्ञानिक कालगणनेतील विद्यमान कालखंडास ‘मेघालयन’ हे नाव देण्यात आले.

ज्या चुनखडकात या गुहा आहेत, तोच सिमेंटचा कच्चा माल आहे. लुमश्नाँग परिसरात क्रेम कोत्साती–उमलावान ही २० किमी.हून अधिक लांबीची गुहामालिका असून सिमेंटचे कारखाने व चुनखडकाच्या खाणी तिच्या आसमंतातच आहेत. खाणकामास अनुमती देताना खडकाच्या आत काय आहे, हा प्रश्न उपस्थित करावयाचा झाल्यास मोजणी केलेला नकाशा हाच पुरावा ठरतो, आणि तो बहुतेक वेळा मंडळाजवळच असतो. मात्र नकाशा जाहीर केल्याने गुहेचे मुख सर्वांनाच कळते व लवणस्तंभ तोडून नेणारेही तेथे पोहोचतात. यॉर्कशरमधील मंडळे काही मुखांवर फाटके बसवून व नाजूक भागांभोवती फिती लावून यातून मार्ग काढतात. मेघालयात मुखांची संख्या व अंतरे पाहता हा उपाय फारसा व्यवहार्य नाही. गुहेची राखण तेथे मुख्यतः गावावरच सोपवावी लागते.